जलपरीची जीभ

गेल्या रविवारी ताईकडे गेलो होतो. भाची (वय वर्षे सहा) डिस्नेचा १९८९ चा 'द लिटल मर्मेड' लावून बसली होती. लहानपणी मीही तो केबलवर पाहिलाय, त्यामुळे मांडी घालून शेजारीच बसलो. शेवटी लग्नाची मिरवणूक वगैरे झाली आणि मी बोलून गेलो, "खऱ्या गोष्टीत जलपरी मरते, माहितेय?" ताईने माझ्याकडे असं काही बघितलं की विषय तिथेच बंद. तो आता इथे उघडतो :)

मूळ गोष्ट हान्स क्रिश्चन अँडरसनची, कोपनहेगनला १८३७ साली छापलेली. त्यातल्या जलपऱ्या तीनशे वर्षं जगतात आणि मेल्यावर त्यांचा समुद्राचा फेस होतो. संपलं. माणसाला अमर आत्मा असतो, यांना नाही. नायिकेला राजपुत्र हवा असतोच, पण त्याच्याइतकाच तो आत्माही हवा असतो. चित्रपटात आत्मा गायब! एरियलला हवी आहे ती माणसांची दुनिया, आणि अडवणारा कोण, तर बाप. अँडरसनच्या गोष्टीत बापाला फारसं कामच नाही, सगळं आजी सांगते. बाप-लेकीचं भांडण ही अमेरिकन टीनएजरची भर. (आपल्या घरांतही चपखल बसते, ते सोडा.)

किमतीचंही तसंच. डिस्नेची अर्सुला आवाज काढून शिंपल्यात ठेवते, म्हणजे बॅकअप आहे, शेवटी रिस्टोअर होतो. अँडरसनची चेटकीण सरळ जीभ कापते. परत मिळायचा प्रश्नच नाही. वर प्रत्येक पावलाला सुऱ्यांवरून चालल्यासारख्या वेदना, आणि तरीही ती राजपुत्रासमोर नाचते. तो तिला लाडाने वागवतो, आपल्या दाराबाहेर मखमली उशीवर झोपायची परवानगी देतो, आणि लग्न करतो दुसरीशी. आपल्याला बुडताना वाचवलं ते त्या दुसरीनेच, अशी त्याची समजूत.

मग बहिणी येतात. स्वतःचे केस चेटकिणीला देऊन त्यांनी एक सुरी आणलेली असते. सूर्य उगवायच्या आत राजपुत्राला मार, त्याचं रक्त पायांवर पडू दे, शेपूट परत येईल. ती आत जाते, झोपलेल्या दोघांना बघते, आणि सुरी समुद्रात फेकून स्वतः उडी मारते. इथेही एक पुरवणी आहे. फेस होण्याऐवजी ती 'हवेची कन्या' होते, आणि तीनशे वर्षं सत्कृत्यं केली तर स्वतःचा आत्मा मिळवू शकते. गोड मुलं दिसली की एक वर्ष कमी, द्वाड मूल दिसून रडू आलं की दर अश्रूला एक दिवस जास्त. ही शिक्षा मला अजिबात पटलेली नाही. मुलांना धाक दाखवायला चिकटवल्यासारखी वाटते.

पण हवेच्या कन्या मात्र चिकटवलेल्या नाहीत. गोष्टीचं आधीचं नावच 'हवेच्या कन्या' होतं. फूकेच्या 'उंडीने' या जर्मन कथेत जलकन्येला आत्मा मिळतो तो माणसाशी लग्न करून. ते अँडरसनला नको होतं. आपण तिचा आत्मा दुसऱ्या कुणाच्या प्रेमावर अवलंबून ठेवलेला नाही, असं त्याने १८३७ मध्येच एका पत्रात लिहिलंय. ओडेन्सच्या मोच्याचा आणि धुणं धुणाऱ्या बाईचा हा मुलगा श्रीमंतांच्या घरी सतत पाहुणा असायचा, तेव्हा दाराबाहेरची उशी त्याला माहीत असणार, असा आपला माझा अंदाज.

आणि डिस्नेने काय केलं? तीन दिवसांत खऱ्या प्रेमाचं चुंबन, नाहीतर खेळ खलास. अँडरसनने मुद्दाम काढलेली अट दीडशे वर्षांनी परत आत! चित्रपट मला आजही आवडतो. ॲशमन आणि मेंकेनची गाणी तर अफाट, त्यातल्या एका गाण्याला आणि संगीताला ऑस्करही मिळालं. पण सगळं सोसूनही आपल्याला न मिळालेल्या माणसाचं वाईट न करणारी ती मुलगी त्यात नाहीच. वाईट करायला अर्सुला आहे, आणि तिला जहाजाने भोसकलं की झालं.

निघताना भाची दारापर्यंत आली. ताई आत आहे हे बघून हळूच म्हणाली, "मामा, तिला बोलता येत नव्हतं तर लिहून का नाही सांगितलं? चेटकिणीच्या कागदावर सही केली होती की तिने!"

इतक्या वेळा पाहिलाय मी तो सिनेमा. हा बग माझ्या कधीच लक्षात आला नव्हता.