उतरत्या किमतीचे वर्कस्टेशन : एका व्यापाराचा इतिहास

एका व्यक्तीच्या टेबलावर मावणारा, परंतु अभियांत्रिकी आराखडे, त्रिमितीय चित्रे, चित्रपटाचे संकलन किंवा वैज्ञानिक आकडेमोड अशा अवजड कामांसाठी घडवलेला संगणक म्हणजे वर्कस्टेशन. दिवसरात्र भार सोसणारा वीजपुरवठा, स्मृतीतील एखाद्या बिटची चूक ओळखून ती आपोआप दुरुस्त करणारी ईसीसी मेमरी, आणि ठरावीक व्यावसायिक सॉफ्टवेअर त्यावर तपासून पाहिले असल्याची उत्पादकाची हमी, या गोष्टींमुळे तो घरगुती संगणकाहून वेगळा ठरतो. त्याची मूळ किंमत आरंभापासून सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर राहिली, आणि काही वर्षांत, कधीकधी काही महिन्यांतच, ती निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली येण्याचा प्रकारही जवळजवळ तितकाच जुना आहे. सवलतीत मिळणारे उत्तम प्रतीचे वर्कस्टेशन घ्यावे की नाही, हा प्रश्न ग्राहकांच्या अनेक पिढ्यांपुढे उभा राहिला असून, किंमत किती उतरली यापेक्षा ती कशामुळे उतरली याचा शोध घेणाऱ्यांनाच त्याचे बरोबर उत्तर सापडले आहे, असे या व्यापाराचा इतिहास सांगतो.

हा इतिहास मुख्यतः अमेरिकेतला आहे. कॅलिफोर्नियातील पालो आल्टो येथे झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात १९७३ साली तयार झालेला ‘आल्टो’ हा या कुळाचा मूळपुरुष मानला जातो. मात्र तो बाजारात विक्रीला आला नाही, आणि त्याच्या अनुभवावर उभारलेला ‘स्टार’ १९८१ साली आला तेव्हा एका यंत्राची किंमत साडेसोळा हजार डॉलरांहून अधिक होती. त्याच सुमारास कार्नेगी मेलन विद्यापीठात राज रेड्डी व त्यांचे सहकारी संशोधकाला कसा संगणक हवा याचा विचार करत होते आणि त्यांनी एक मोजपट्टी मांडली : दहा लाख बाइट स्मृती, दहा लाख बिंदूंचा पडदा आणि सेकंदाला दहा लाख आज्ञा पार पाडण्याचा वेग. या तीन दशलक्षांना पुढे चौथा जोडला गेला तो किमतीचा, म्हणजे दहा लाख सेंट, अर्थात दहा हजार डॉलर. वर्कस्टेशनच्या व्याख्येतच किंमत अशी आरंभापासून शिरलेली होती, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

मॅसॅच्युसेट्समधील अपोलो कंपनीने १९८१ साली आपले पहिले यंत्र बाजारात आणले, आणि १९८२ च्या फेब्रुवारीत अँडी बेख्टोल्शाइम, स्कॉट मॅकनीली, बिल जॉय व पुण्यात जन्मलेले विनोद खोसला यांच्या सन मायक्रोसिस्टिम्सची स्थापना झाली. अपोलोने बरेच काही स्वतःच्या घरात घडवले, तर सनने बाजारात सहज मिळणारे सुटे भाग आणि विद्यापीठांत रुळलेली युनिक्स ही कार्यप्रणाली वापरून किंमत खाली खेचली. दशक संपता संपता अपोलो ह्यूलेट-पॅकार्डने ४७ कोटी ६० लाख डॉलरांना विकत घेतली, आणि त्याच १९८९ साली सनने ‘पिझ्झाबॉक्स’ या टोपणनावाने ओळखली गेलेली चपटी स्पार्कस्टेशन-१ सुमारे नऊ हजार डॉलरांत आणली. आदल्या वर्षी पूर्ण दराने मोठे यंत्र घेतलेल्या प्रयोगशाळेपुढे त्याहून वेगवान आणि स्वस्त यंत्र उभे राहिले, व जुन्या यंत्रांचा दुसऱ्या हाताचा बाजार तेव्हापासून खऱ्या अर्थाने फोफावला.

सवलतीमागे कारखाना बंद होणे हे कारण असेल तर ग्राहकाच्या पदरी काय पडते, याचे उत्तम उदाहरण म्हणजे स्टीव्ह जॉब्झ यांची नेक्स्ट ही कंपनी. १९८८ च्या ऑक्टोबरात दाखवण्यात आलेला तिचा काळा घनाकृती संगणक ८ मेगाबाइट स्मृतीसह विद्यापीठांना साडेसहा हजार डॉलरांत देऊ केला होता. टिम बर्नर्स-ली यांनी जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत वर्ल्ड वाइड वेबचा पहिला ब्राउझर १९९० साली लिहिला तो याच यंत्रावर. यंत्र गुणवान होते, परंतु एकूण विक्री पन्नास हजारांच्या आसपासच थांबली आणि १९९३ च्या फेब्रुवारीत कंपनीने यंत्रांचे उत्पादन बंद करून केवळ सॉफ्टवेअरवर लक्ष केंद्रित केले. त्यानंतर स्वस्तात ही यंत्रे घेणाऱ्यांचे मात्र नुकसान झाले नाही, कारण कार्यप्रणालीच्या नव्या आवृत्त्या जुन्या काळ्या यंत्रांसाठीही १९९७ पर्यंत निघत राहिल्या. उत्पादन थांबले तरी सॉफ्टवेअरचा पाठिंबा चालू असेल तर सवलत खरी असते, हा धडा येथे मिळतो.

सिलिकॉन ग्राफिक्स या कंपनीची कथा याच्या नेमकी उलट आहे, आणि म्हणून अधिक विस्ताराने पाहण्यासारखी आहे. स्टॅनफर्डचे प्राध्यापक जिम क्लार्क यांनी त्रिमितीय आकृत्यांचे गणित करणारी स्वतंत्र चिप विकसित करून ही कंपनी उभारली, आणि १९९३ च्या ‘जुरासिक पार्क’मधील संगणकनिर्मित डायनासोर तिच्याच यंत्रांवर घडले. त्या वर्षी आलेले ‘इंडी’ हे तिचे स्वस्तातले यंत्रही पाच हजार डॉलरांच्या घरातले होते, तर वरच्या श्रेणीतील यंत्रांची किंमत त्याच्या अनेक पट होती. परंतु १९९५ च्या अखेरीस इंटेलचा पेंटियम प्रो हा प्रक्रियक आला, मायक्रोसॉफ्टची विंडोज एनटी ही कार्यप्रणाली स्थिरावली, आणि मायक्रोसॉफ्टच्याच ताब्यात गेलेल्या सॉफ्टइमेज कंपनीचे त्रिमितीय चित्रणाचे सॉफ्टवेअर १९९६ मध्ये एनटीवर आले. ‘माया’ हे सॉफ्टवेअर १९९८ साली आले तेव्हा काही महिन्यांच्या अंतराने त्याचीही एनटी आवृत्ती निघाली. सिलिकॉन ग्राफिक्सची यंत्रे तेव्हा कमी सक्षम झाली नव्हती. त्यांच्यावर अवलंबून असलेले सॉफ्टवेअर दुसऱ्या घरी राहायला गेले होते. पुढच्या काही वर्षांत ही यंत्रे मूळ किमतीच्या अल्पांशात मिळू लागली, आणि डिसेंबर २००६ मध्ये कंपनीने ही मालिकाच बंद केली. ज्यांच्या कामाचे सॉफ्टवेअर जुन्याच आवृत्तीवर भागत होते त्यांना त्यात वर्षानुवर्षांची सेवा मिळाली. ज्यांना नव्या आवृत्तीची गरज होती त्यांच्या हाती सुंदर निळ्या-जांभळ्या पेट्या उरल्या.

दुसऱ्या हाताची यंत्रे घेणाऱ्यांना एक बारीक गोष्ट अनुभवातून कळली. सनच्या स्पार्कस्टेशनांमध्ये यंत्राचा ओळखक्रमांक आणि नेटवर्कवरचा पत्ता एका छोट्या चिपमध्ये साठवलेला असे, आणि त्या चिपच्या प्लास्टिकच्या आवरणातच एक बॅटरी कायमची बंद केलेली असे. साधारण दहा वर्षांनी ती बॅटरी संपली की यंत्र आपला क्रमांक व पत्ता विसरत असे; आणि महागडी सॉफ्टवेअर याच क्रमांकाला परवान्याने बांधलेली असल्यामुळे नवी चिप आणून यंत्र सुरू केले तरी सॉफ्टवेअर उघडत नसे. हौशी मंडळी कानशीने चिपचे आवरण घासून आतल्या तारा मोकळ्या करत आणि बाहेरून नाण्याच्या आकाराची बॅटरी जोडत. यंत्राचा ताबा मिळाला तरी परवाना हस्तांतरित होत नाही, आणि सर्वांत स्वस्त भागाच्या आयुष्यावर सर्वांत महाग भागाचे आयुष्य अवलंबून असते, ही दोन्ही तथ्ये आजच्या खरेदीलाही जशीच्या तशी लागू पडतात.

२०००-०१ च्या डॉटकॉम पडझडीत बुडालेल्या कंपन्यांची सनची यंत्रे लिलावात निघाली आणि कारखान्यातून निघणाऱ्या नव्या यंत्रांशीच त्यांची स्पर्धा सुरू झाली. सनच्या पुढच्या घसरणीत त्याचाही वाटा होता. त्यानंतर वर्कस्टेशनचा धंदा इंटेलच्या झिऑन प्रक्रियकावर चालणाऱ्या डेल, एचपी व लेनोव्हो यांच्या यंत्रांकडे सरकला आणि सवलतीचे स्वरूपही बदलले. मोठ्या कंपन्या ही यंत्रे तीन-चार वर्षांच्या भाडेकराराने, म्हणजे लीजवर घेतात आणि मुदत संपताच ती शेकड्यांच्या लॉटने बाहेर पडतात. २०१२ साली सुमारे दीड हजार डॉलरांना मिळणारा झिऑन ई५-२६७० हा प्रक्रियक चार वर्षांत शंभर डॉलरांखाली आला तो अशाच ओघामुळे. मुंबईत लॅमिंग्टन रोड, म्हणजे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, येथे सुटे भाग आणि जुनी यंत्रे यांचा जो बाजार आहे, तेथे हिंडणाऱ्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला हे भाव भुरळ घालतात, ते स्वाभाविक आहे. परंतु असे प्रत्येकी ११५ वॅटचे दोन प्रक्रियक दिवसभर चालले तर विजेचे बिल वाढते. आराखड्यांच्या सॉफ्टवेअरची बरीच कामे एकाच कोअरवर चालत असल्याने सोळा जुने कोअर असूनही नवा मध्यम दर्जाचा संगणक पुढे जातो. आणि यातील अनेक यंत्रांचा वीजपुरवठा कंपनीच्या खास आकाराचा असल्यामुळे बाजारातला साधा पुरवठा त्यात बसत नाही. शिवाय विंडोज ११ ने ई५ मालिका आपल्या यादीत घेतलीच नाही, आणि विंडोज १० चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. त्यानंतरची स्वस्ताई या तारखेला जोडूनच वाचली पाहिजे.

ॲपलच्या अलीकडच्या दोन यंत्रांत हा सारा इतिहास पुन्हा दिसतो. डिसेंबर २०१७ मध्ये ४,९९९ डॉलरांना आलेला आयमॅक प्रो, आठ कोअरचा झिऑन आणि ३२ गिगाबाइट ईसीसी मेमरी यांसह, मार्च २०२१ मध्ये साठा असेपर्यंतच विकला जाऊ लागला. डिसेंबर २०१९ मध्ये ५,९९९ डॉलरांपासून विक्रीस आलेल्या मॅक प्रोच्या बाबतीत तर अवघ्या सहा महिन्यांत, जून २०२० मध्ये, कंपनीने स्वतःच्या चिपकडे वळण्याची घोषणा केली, आणि मार्च २०२२ मध्ये ३,९९९ डॉलरांचा मॅक स्टुडिओ २८ कोअरच्या मॅक प्रोहून वेगवान असल्याचे स्वतःच जाहीर केले. मॅकओएसच्या २०२५ च्या आवृत्तीने आयमॅक प्रो वगळला. २०१९ चा मॅक प्रो तीत टिकला, परंतु इंटेलच्या यंत्रांसाठी हीच अखेरची आवृत्ती असल्याचे कंपनीने सांगितले आहे.

तरीही मॅक प्रोची बाजू पूर्णपणे कमकुवत नाही. त्यात दीड टेराबाइटपर्यंत स्मृती बसते आणि वेगवेगळी ग्राफिक्स कार्डे लावता येतात. २०२३ च्या नव्या मॅक प्रोत कमाल १९२ गिगाबाइट स्मृती असून अशी कार्डे चालत नाहीत. ज्या स्टुडिओचे किंवा प्रयोगशाळेचे काम अवाढव्य स्मृतीवर अवलंबून आहे, ज्यांचे सॉफ्टवेअर ठरलेल्या आवृत्तीवर स्थिर आहे, आणि ज्यांना हे यंत्र तीन-चार वर्षांत निकालात काढायचे आहे, त्यांना सवलतीतला २०१९ चा मॅक प्रो घेण्यात तोटा नाही. ज्यांना दरवर्षी नवी आवृत्ती लागते त्यांच्यासाठी तो निम्म्या किमतीतही महाग आहे. आणि दोन्ही प्रकारच्या ग्राहकांनी पैसे मोजण्यापूर्वी विक्रेत्याकडून वॉरंटीची शिल्लक मुदत, परवान्यांची स्थिती आणि बदली वीजपुरवठ्याचा आजचा भाव, या तीन गोष्टी लेखी घ्याव्यात.