देवळाची वाट

स्मरणिकेसाठी "काहीतरी ऐतिहासिक" लिहून द्यावे, असा निरोप जीर्णोद्धार समितीकडून आला तेव्हा मी प्रथम नकारच दिला. देवळाचा इतिहास तोंडपाठ असलेली वडीलधारी मंडळी गावात आहेत. माझ्यासारख्या कारकुनाने देणगीदारांची यादी नीट उतरवून द्यावी, एवढेच त्याला शोभते. परंतु गाभारा, सभामंडप आणि कळस यांविषयी लिहिणारे पुष्कळ असतील. ज्या वाटेने आपण सारे देवळात येतो तिच्याविषयी मात्र कोणी लिहिणार नाही, असे ध्यानात आले आणि लेखणी हाती घेतली. वाट म्हणजे डांबरी सडकेपासून देवळापर्यंतची, भाताच्या खाचरांमधून जाणारी. तीनशे पावलांची असेल नसेल, पण तिने गावाला दोन वेळा हरविले.

वाटेचा इतिहास सांगायचा तर वैशाखरेकरांना दूर जाण्याचे कारण नाही. आपल्या गावावरून माळशेजकडे निघाले की थोड्याच अंतरावर नाणेघाटाची वाट फुटते. सातवाहन राजांच्या काळी, म्हणजे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी, कल्याण आणि सोपारा या बंदरांत उतरलेला माल याच घाटाने जुन्नरला आणि तेथून पुढे पैठणला जाई. घाटमाथ्यावरच्या लेण्यात सातकर्णी राजाची राणी नागनिका हिचा ब्राह्मी लिपीतील लेख आहे. इंग्रज अंमलदार कर्नल साइक्स यांनी १८२८ च्या सुमारास त्याची दखल घेतली आणि पुढे पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी त्याच्या वाचनासाठी मोठे परिश्रम घेतले. कोणकोणते यज्ञ केले आणि त्यांत किती गाई, किती हत्ती, किती घोडे, किती कार्षापण नाणी दक्षिणा दिली, याचे आकडे त्या लेखात खोदलेले आहेत. विद्वानांना त्यात अंकलेखनाचा इतिहास दिसतो. मला मात्र, जन्म कचेरीत गेल्यामुळे असेल, ती दगडावरची पक्की पावती वाटते. शेजारचा दगडी रांजण जकातीची नाणी टाकण्यासाठी होता, असे परंपरेने सांगतात.

आमच्या पिढीने शाळेत असताना हा घाट पायी चढला आहे. वर घळीत खडक कापून काढलेल्या पायऱ्या आहेत, काही ठिकाणी दगड बसवून केलेली फरसबंदी आहे. आषाढात त्या घळीतून पाण्याचा असा लोट उतरतो की वाट कोणती आणि ओढा कोणता हे कळत नाही. तरी पायऱ्या आहेत तेथेच आहेत. पावसाळा दोन हजार वेळा त्यांच्यावरून गेला.

परंतु एक गोष्ट माझ्या मनात बरेच दिवस घोळत होती. घाटाची वाट शिल्लक राहिली, मग घाटाच्या पायथ्यापासून कल्याणपर्यंतची वाट कोठे गेली? तांडे तर वैशाखरे, टोकावडे, सरळगाव, मुरबाड याच पट्ट्यातून कोठून तरी गेले असणार. त्या वाटेचा एक दगड दाखवा म्हटले तर मला तरी दाखविता येणार नाही. याचे कारण माझ्या समजुतीप्रमाणे असे की, वरची वाट खडकावर होती आणि खालची आपल्यासारख्या खाचरांच्या मातीवर होती. खडकाने तिला सांभाळले, मातीने गिळले.

या गिळण्याचा अनुभव आम्ही स्वतः घेतला आहे. देवळाच्या कामाला प्रारंभ झाला तेव्हा वीट, वाळू, सिमेंट नेणार कसे, हा पहिला प्रश्न होता. मृग लागला की त्या वाटेवर घोटाभर आणि आर्द्रात पोटरीभर चिखल. "चार ट्रॉल्या डबर टाका, वर मुरूम पसरा, झाले काम" असे बैठकीत ठासून सांगणारा मीच होतो, हे येथे प्रांजळपणे नमूद करतो. वर्गणी काढून डबर टाकला. पहिल्या पावसात ट्रॅक्टरच्या चाकाखाली दगड एकेक करून खाली गेले आणि त्यांच्या फटींतून चिखल वर आला. दुसऱ्या वर्षी पुन्हा तेच केले. देणगीचे पैसे अक्षरशः मातीत गेले. त्याच श्रावणात माझी आई सोमवारच्या दर्शनाला जाताना तेथे घसरली. हाड मोडले नाही, परंतु पुढे दोन श्रावण तिने देवळाकडे पाऊल टाकले नाही. घराच्या ओटीवरून हात जोडी.

दगड नाहीसा होतो कसा? याचे उत्तर आपल्याच शेतीत आहे. खाचर ही देवाने दिलेली जमीन नव्हे, ती माणसाने घडविलेली आहे. दर वर्षी आवणीच्या आधी आपण चिखलणी करतो, नांगर आणि गुठा फिरवून माती लोण्यासारखी करतो. मातीचे बारीक कण खाली बसतात आणि वीतभर खोलीवर एक घट्ट थर तयार होतो. पाणी त्याच्याखाली जिरत नाही, म्हणून भात उभा राहतो. आपल्या वाडवडिलांनी पिढ्यान्‌पिढ्या घाम गाळून जी जमीन पाणी धरावी म्हणून तयार केली, त्याच जमिनीवर आपण कोरडा रस्ता मागत होतो. ओली चिकणमाती दगडाचे ओझे पेलू शकत नाही. ती बाजूला सरकते आणि दगडाला पोटात घेते. असे असता वरून किती डबर टाकला याला काहीच अर्थ राहत नाही.

हे कोडे पडणारे आपण पहिले नव्हेत, हे पुढे वाचनात आले. इंग्लंडमध्ये जॉन मेटकाफ नावाचा एक गृहस्थ अठराव्या शतकात होऊन गेला. लहानपणी देवीच्या आजाराने त्याची दृष्टी गेलेली, तरी त्याने कित्येक मैल रस्ते बांधले. दलदल लागली की तो झुडुपांच्या जुड्या बांधून त्या ओळीने अंथरी आणि त्यांच्यावर दगड व खडी घाली. पुढे जॉर्ज स्टीफन्सन याने लिव्हरपूल ते मँचेस्टर ही १८३० साली सुरू झालेली आगगाडी चॅट मॉस नावाच्या दलदलीवरून नेली, तीही अशाच फांद्यांच्या आणि झुडुपांच्या गादीवरून. आपल्याकडे बैलगाडी चिखलात रुतली की चाकाखाली फांद्या नि पेंढा टाकतात, त्यातलेच हे तत्त्व. चिखल आणि दगड यांच्यामध्ये काहीतरी आडवे पाहिजे. हल्ली मोठ्या रस्त्यांना यासाठी प्लास्टिकचे खास विणलेले कापड अंथरतात.

कचेरीत रस्त्याच्या अंदाजपत्रकात "डब्ल्यू. बी. एम." ही अक्षरे मी शेकडो वेळा नकलून काढली होती. त्यातला शेवटचा "एम" हा एका माणसाच्या नावाचा आहे, हे मला चाळिशीत कळले! जॉन मॅकॅडम हा स्कॉटलंडचा. १८१६ पासून ब्रिस्टलच्या रस्त्यांची देखभाल त्याच्याकडे होती. त्याचे म्हणणे थोडक्यात असे की, गाडीचे वजन शेवटी खालची जमीनच पेलते आणि ती कोरडी असेल तरच पेलते. म्हणून रस्ता भोवतालच्या जमिनीहून उंच ठेवावा, कडेला चर काढावेत आणि वर सारख्या मापाची लहान खडी अशी दाबावी की पाणी आत शिरू नये. वरच्या थराचा खडा सहा औंसांपेक्षा, म्हणजे आपल्या मापाने सुमारे १७० ग्रॅमपेक्षा जड नसावा, असा त्याचा दंडक होता. त्याच काळातल्या थॉमस टेलफर्डचे मत निराळे. तो खाली मोठे दगड हाताने लावून, रुंद बाजू खाली आणि निमुळती बाजू वर करून, पक्का थर बसवी. आपण ज्याला सोलिंग म्हणतो ते हेच. दोघांचे जमत नसे, पण पाणी आधी बाहेर काढावे याविषयी दोघांत मतभेद नव्हता. डांबर तेव्हा यात नव्हतेच.

या पुस्तकी गोष्टी मी बैठकीत सांगितल्या तेव्हा एक वृद्ध काका हसले. म्हणाले, "हे तुझ्या बापालाही ठाऊक होतं." आणि ते खरे होते. रोजगार हमी योजनेची कल्पना वि. स. पागे यांची. सांगली जिल्ह्यातील विसापूर येथे १९६५ साली तिचा पहिला प्रयोग झाला, १९७२ च्या दुष्काळात तिचा विस्तार झाला, १९७७ साली कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. त्या योजनेच्या कामांवर माझे वडील आणि हे काका दोघेही खडी फोडीत. हातोड्याने दगड मापाचा करणे, सोलिंगचा दगड उभा लावून फटींत कपच्या ठोकणे, हे त्यांच्या हातात होते. मी मात्र मस्टरचे कागद तेवढे पाहिलेले. काकांनी काठीने जमिनीवर रेघ ओढली आणि विचारले, "दगडाचं मागाहून बघू. पाणी कुठं सोडणार ते सांग."

तेथेच खरी अडचण होती. वाटेच्या वरच्या अंगाला डोंगराकडून पाणी येते आणि खालच्या अंगाला एका शेतकऱ्याचे खाचर आहे. चर काढायचा तर पाणी त्याच्याच बांधातून जाणार. तो म्हणाला, "देवळाला माझा नमस्कार, पण तुमचा मुरूम माझ्या भातात नको." त्याचे काही चुकले नव्हते. गावच्या नकाशावर ती वाट तुटक एकेरी रेघेने दाखविलेली आहे, म्हणजे ती पायवाट. बांधावरून रस्ता मागायचा तर महसूल अधिनियम १९६६ चे कलम १४३, वाहिवाटीचा रस्ता किंवा पाण्याचा नैसर्गिक प्रवाह अडविला तर मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ चे कलम ५, हे मला पाठ आहे. अर्ज कसा लिहावा हेही पाठ आहे. परंतु अशा अर्जांच्या फायली किती वर्षे चालतात आणि त्या काळात दोन घरे एकमेकांच्या लग्नाला कशी जात नाहीत, हे मी टेबलाच्या अलीकडून पाहिले आहे. देवळासाठी भाऊबंदांवर दावा लावणे मनाला पटेना. अर्ज लिहिला नाही.

तोड निघाली ती त्या शेतकऱ्याच्याच बोलण्यातून. पाणी त्याला आषाढात नको होते. हस्तात ओढ दिली, भात पोटरीत असताना पाऊस गेला, तर हवेच होते. म्हणून असे ठरले की, वाटेच्या दोन्ही कडांना चर काढायचे आणि वरच्या चराचे पाणी वाटेखालून सिमेंटच्या नळाच्या मोरीने पलीकडे न्यायचे. मोरीच्या तोंडाशी एक दगडी हौद करायचा, म्हणजे वाहून आलेला मुरूम तेथे बसेल. हौदाला दोन तोंडे: एक ओहोळाकडे, एक खाचराकडे, आणि दोन्हींना फळी. कोणती फळी केव्हा उचलायची हे शेतकऱ्याच्या हाती. मुरूम दर दिवाळीनंतर काढून पुन्हा वाटेवर पसरायचा, हे गावाच्या हाती. कागद केला नाही, देवळात नारळ ठेवला.

काम फाल्गुनात धरले, कारण खाचर तेव्हाच कोरडे असते. चिखल असताना रस्त्याला हात लावू नये, हे आम्ही दोन वर्षे वर्गणी बुडवून शिकलो होतो. वरची काळी चिकणमाती खरवडून ती बांधांना दिली. तळावर कारवीच्या आणि ऐनाच्या फांद्या आडव्या टाकाव्यात, असे काहींनी सुचविले. परंतु ज्या फांद्या कधी भिजतात, कधी वाळतात त्या कुजतात; कायम पाण्याखाली असल्या तरच टिकतात. म्हणून त्याऐवजी जाड मुरमाचा थर देऊन तो दाबला. त्यावर हाताने लावलेले सोलिंग, त्यावर खडी, शेवटी बारीक मुरूम. पाणी मारून रोलर फिरविला. मधोमध पाठ उंच आणि दोन्हीकडे उतार. आधीच्या दोन वर्षांचा पुरलेला डबर खणताना बराचसा परत मिळाला, तोही वापरला. रोलरचे भाडे आणि मोरीचे नळ एवढाच काय तो रोख खर्च. बाकी सारे श्रमदान. सोलिंगची प्रत्येक ओळ काकांनी काठीने ठोकून पाहिली आणि माझ्या हातची अर्धी ओळ उपटून टाकायला लावली.

एक प्रसंग सांगण्यासारखा आहे. जुन्या देवळाच्या जोत्याचे घडीव दगड बाजूला रचून ठेवले होते. दगड कमी पडला तेव्हा तरुणांपैकी एकाने ते सोलिंगला घ्यावेत असे म्हटले. हिशेबाने ते योग्य होते. परंतु ज्या दगडांवर आजवर कपाळ टेकले त्यांच्यावरून ट्रॅक्टर न्यावा, हे म्हाताऱ्या मंडळींना सहन होईना आणि तरुणांनीही हट्ट धरला नाही. ते दगड देवळासमोरच्या पाराला लावले. त्यासाठी रस्त्याचे काम आठ दिवस लांबले.

त्यानंतर दोन पावसाळे गेले. पहिल्या आषाढात आम्ही चौघे रात्री कंदील घेऊन मोरीचे तोंड पाहायला जात होतो. पाणी हौदातून फिरून ओहोळाला जात होते आणि वाट पायाखाली घट्ट लागत होती. आईला श्रावणातल्या पहिल्या सोमवारी घेऊन गेलो. तिने चप्पल पाराजवळ काढली आणि पाय धुण्यासाठी पाणी मागितले नाही. दुसऱ्या वर्षी पाऊस लवकर गेला तेव्हा शेतकऱ्याने खाचराकडची फळी उचलली.

उंबराच्या झाडाजवळ मात्र सहा हात जागा अजून दबते. तेथे खालून झरा असावा, असे काकांचे म्हणणे आहे. दिवाळीनंतर हौदातला मुरूम काढताना ती जागा उकरून आडवा चर काढायचा आहे. घमेली आणि फावडी समितीच्या खोलीत ठेवलेली आहेत.