प्रतिद्रव्याचें वर्गांतर

घटसर्प आणि धनुर्वात यांचें विष निष्प्रभ करणारें द्रव्य रक्तांत उत्पन्न होतें, हें बेरिंग व कितासातो यांनीं १८९० सालीं बर्लिन येथें दाखविलें. त्यासच आपण प्रतिद्रव्य म्हणतों. पुढें असें दिसून आलें कीं, नवा रोगजंतु शिरतांच शरीर प्रथम ‘एम’ वर्गाचें प्रतिद्रव्य तयार करतें. आणि कांहीं दिवसांनीं त्याच जंतूविरुद्ध ‘जी’, ‘ए’ किंवा ‘ई’ वर्गाचें. जणूं तरवारीचें पातें तेंच ठेवून मूठ तेवढी बदलावी!

हें घडतें कसें? प्रतिद्रव्याचे जनुक पेशींत आपली जागा बदलतात, असें होझुमी व तोनेगावा यांनीं १९७६ सालीं बाझेल येथें सिद्ध केलें. १९७८ सालीं होंजो व काताओका या जपानी शास्त्रज्ञांनीं असें मत मांडलें कीं, वर्ग बदलतांना डीएनएचा मधला भाग कायमचा गळून पडतो. तें मत पुढें खरें ठरलें. गेलेला भाग त्या पेशीला परत मिळत नाहीं. म्हणून तोडावें कोठें, हा निर्णय मोठा जोखमीचा.

तो होतो असा. जुन्या दफ्तरांतील कागद रुमालांत बांधलेले असतात, तसा डीएनए हिस्टोन नांवाच्या प्रथिनांभोंवतीं गुंडाळलेला असतो. या गुंडाळीस क्रोमॅटिन म्हणतात. मदतनीस पेशींकडून इंटरल्यूकिन-४ सारखा रासायनिक निरोप आला, कीं विवक्षित वर्गाच्या जनुकापुढील रुमाल सैल होतो आणि तेथें डीएनएवरून आरएनएची नक्कल उतरूं लागते. नवल असें कीं, त्या नकलेपासून प्रथिन होतच नाहीं! मग हा खटाटोप कशासाठीं?

उत्तराची किल्ली १९९९ सालीं क्योतो येथें होंजो यांच्या प्रयोगशाळेंत सांपडली. ‘एआयडी’ हें विकर डीएनएचें एक अक्षर बदलतें. त्याची दुरुस्ती होतांना धागा तुटतो. परंतु या विकराला उघडा, एकेरी धागाच लागतो, आणि नक्कल उतरतांना तो उघडा पडतो. म्हणजे आधीं वाचन, मग छेद.

२००० सालीं असें आढळलें कीं, वारंवार जंतुसंसर्ग होणाऱ्या कांहीं रुग्णांत हेंच विकर सदोष असतें. त्यांच्या रक्तांत ‘एम’ विपुल. ‘जी’ व ‘ए’ जवळजवळ नाहींत. उलट, हें विकर भलत्याच जनुकावर चाललें, तर लसीका-पेशींचा कर्करोग उद्भवूं शकतो. योग्य दफ्तर योग्य वेळीं उघडण्यावर आपलें आरोग्य असें अवलंबून आहे.