दोष माणसाचा की मांडणीचा?

मुंबईची गाडी पुणेकरांनी अनेकदा धरली आहे. तथापि खंडाळा सुटल्यावर बोरघाट उतरताना गाड्या मंकी हिल, ठाकूरवाडी अशा ठिकाणी घटकाभर का थांबत आल्या, हा प्रश्न थोड्यांनाच पडला असेल. त्या थांब्यामागे मनुष्यस्वभाव ओळखून केलेली एक योजना आहे.

ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा हा घाटमार्ग १८६३ साली खुला झाला. जेम्स बर्कले हा त्याचा मुख्य अभियंता. सुमारे सोळा मैलांत अठराशे फुटांचा चढ, आणि काही जागी सदतीस फुटांमागे एक फूट उतार! अशा उतारावर वेग एकदा हाताबाहेर गेला की निष्णात ड्रायव्हरही हतबल होतो. म्हणून पुढे घाटात मुख्य रुळांपासून फुटून वर चढत जाणारे आडमार्ग, म्हणजे कॅच सायडिंग, घातले गेले. त्यांतील खुबी अशी की सांधा एरवी ह्या आडमार्गाकडेच वळवलेला असतो. गाडी थांबली, ब्रेक ताब्यात असल्याची खात्री पटली, तरच सरळ वाट मोकळी होते. न थांबणारी गाडी चढावर जाते व तिचा वेग तेथेच जिरतो. ऐन वेळी कोणी धावत येऊन सांधा बदलण्याची गरज उरत नाही.

हे शहाणपण जगाला स्वस्तात मिळालेले नाही. १२ जून १८८९ रोजी आयर्लंडमधील आर्मा गावाजवळ सहलीची एक गाडी चढावर अडली. ती तोडून मागचे डबे हातब्रेकच्या व चाकांखालील दगडांच्या भरवशावर उभे केले. पुढच्या डब्यांचा धक्का बसताच ते घरंगळले आणि मागून येणाऱ्या गाडीवर आदळले. ८० जीव गेले. त्या गाडीचा मुख्य ब्रेक जोड सुटताच निकामी होणारा होता. डबे तोडणाऱ्यांना दोष देऊन प्रकरण मिटवता आले असते. परंतु त्याच वर्षी ब्रिटिश पार्लमेंटने कायदा केला आणि जोड तुटताच आपोआप लागणारा ब्रेक उतारूंच्या गाड्यांना सक्तीचा करण्याची तरतूद झाली.

येथे कोणी म्हणेल, अशाने माणसे बेफिकीर होतील. तसे नाही. घाटात थांबण्याचे कर्तव्य ड्रायव्हरचेच आहे; फक्त त्याच्या एका चुकीला शेकडो प्रवाशांचे प्राण टांगलेले नाहीत. कर्तव्य आणि सर्वनाश यांच्यात अंतर ठेवणे, हेच मांडणी करणाराचे काम होय.

आज हिंजवडीत हजारो तरुण संगणकांपुढे बसतात. तेथे रूळ नाहीत, पण उतार आहेत. एका चुकीच्या आज्ञेने सारी माहिती पुसली गेली, तर ‘कोणी केले?’ एवढेच विचारून हाताखालच्या माणसाला घरी पाठवणे सोपे असते. त्याच्या जागी उद्या दुसरा येईल आणि सांधा तसाच उघडा राहील. ‘हे घडू कसे शकले?’ असे विचारणारा अधिकारी एकाची भाकरी वाचवतो आणि पुढचा अपघातही.