तळटीप : जॉन थॉमसन
जॉन थॉमसन (१९०९–१९३१) : सेल्टिक या फुटबॉल क्लबचा गोलरक्षक. स्कॉटलंडच्या फाइफ भागातल्या कार्डेन्डन या कोळसाखाणींच्या गावात वाढलेला. पोरवयात तोही खाणीत उतरला. १९२६मध्ये ग्लासगोच्या सेल्टिकने त्याला घेतले. १९२७ आणि १९३१चे स्कॉटिश कप, देशाकडून ४ सामने, एवढ्यातच कारकीर्द आटोपली. ५ सप्टेंबर १९३१ रोजी आयब्रॉक्स मैदानावर रेंजर्सच्या सॅम इंग्लिशच्या पायांतला चेंडू अडवायला त्याने झेप घेतली. इंग्लिशचा गुडघा डोक्यावर आदळला आणि त्याच रात्री तो गेला. वय अवघे २२. येथे लेखकाने इंग्लिशवर धरलेला रोख अन्यायाचा आहे. चौकशीत हा अपघातच ठरला, थॉमसनच्या घरच्यांनीही त्याला बोल लावला नाही. प्रेक्षकांची हुर्यो मात्र इंग्लिशला पुढेही सोसावी लागली.