कोणत्या जोसेफ स्मिथचे अनुयायी? : मॉर्मन पंथ आणि 'ख्रिस्ती' हे नाव

व्हॅटिकनच्या श्रद्धासिद्धान्तविषयक मंडळाने ५ जून २००१ रोजी एका प्रश्नाला उत्तर दिले. प्रश्न एका वाक्याचा होता. 'अखेरच्या दिवसांतील संतांचे येशू ख्रिस्ताचे चर्च', म्हणजे ज्यांना जग मॉर्मन म्हणून ओळखते त्या मंडळींनी दिलेला बाप्तिस्मा वैध मानावा काय? उत्तर एका शब्दाचे होते: नाही. खाली सही होती कार्डिनल जोसेफ रॅट्झिंगर यांची, जे पुढे २००५ साली सोळावे बेनेडिक्ट या नावाने पोप झाले.

हा नकार किती असाधारण होता हे कळण्यासाठी थोडे मागे जावे लागते. पाखंडी माणसाने दिलेला बाप्तिस्मा खरा की खोटा, हा वाद तिसऱ्या शतकात कार्थेजचा बिशप सिप्रियन आणि रोमचा बिशप स्टीफन यांच्यात झडला. पुढे डोनॅटिस्टांशी झालेल्या वादात संत ऑगस्टीनने पाश्चात्त्य चर्चची भूमिका पक्की केली. बाप्तिस्मा देणारा कोणीही असो, देणारा खरा ख्रिस्तच, तेव्हा देणाऱ्याच्या योग्यायोग्यतेने संस्कार बाटत नाही, अशी ती भूमिका. कॅथलिक नियमाप्रमाणे अडीअडचणीला स्वतः बाप्तिस्मा न घेतलेली व्यक्तीही तो देऊ शकते. पाणी हवे, पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा ही नावे हवीत, आणि चर्चला जे अभिप्रेत आहे ते करण्याचा हेतू हवा. पुत्र पित्याच्या बरोबरीचा नाही असे म्हणणाऱ्या एरियस-मतवाद्यांनासुद्धा पूर्वेकडील चर्चने परत घेताना पुन्हा बाप्तिस्मा दिला नाही. तैलाभ्यंगावर भागवले.

मॉर्मन तर संपूर्ण शरीर पाण्यात बुडवून बाप्तिस्मा देतात आणि तीच तीन नावे उच्चारतात. मग अडले कुठे? मंडळाच्या निर्णयासोबत व्हॅटिकनच्या मुखपत्रात लुइस लादारिया यांनी केलेले विवेचन आले. त्याचा आशय असा, की शब्द तेच असले तरी त्यांनी निर्देशिलेली वस्तू ती नाही. मॉर्मनांचे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा हे एकाच तत्त्वाचे तीन पुरुष नसून एकत्र आलेले तीन स्वतंत्र देव आहेत. हा फरक इतका मूलगामी आहे, की त्याला ख्रिस्ती शिकवणीच्या विपर्यासातून जन्मलेले पाखंडही म्हणता येत नाही. साहित्याच्या अभ्यासकाला या युक्तिवादाची गंमत वाटावी. शब्द आणि अर्थ यांची फारकत हा आपला रोजचा विषय. इथे तीच फारकत एका कोट्यवधींच्या समाजाला नावाच्या आत ठेवायचे की बाहेर हे ठरवते आहे. (पंथाच्या अधिकृत आकड्यांप्रमाणे आज सभासद १ कोटी ७० लाखांहून अधिक आहेत.)

या प्रश्नाचे होकारार्थी किंवा नकारार्थी उत्तर देणारे बहुतेक जण एक गोष्ट गृहीत धरतात, ती म्हणजे मॉर्मन मत ही एकसंध वस्तू आहे. मला हे गृहीतच तपासावेसे वाटते. जोसेफ स्मिथ १८०५ साली व्हरमाँटमध्ये जन्मला आणि १८४४ साली, वयाच्या अडतिसाव्या वर्षी, मारला गेला. त्याचे सारे धार्मिक कर्तृत्व उण्यापुऱ्या पंधरा-सोळा वर्षांत मावते. मात्र या वर्षांच्या आरंभी असलेला स्मिथ आणि अखेरचा स्मिथ यांच्यातले अंतर पुष्कळ आहे.

न्यूयॉर्क राज्याच्या पश्चिम भागात त्या काळी धर्मजागृतीच्या लाटांमागून लाटा येत होत्या. मेथडिस्ट, बॅप्टिस्ट, प्रेसबिटेरियन यांच्या प्रचारकांची चढाओढ चाललेली. यातले खरे कोण, या प्रश्नाने पछाडलेल्या किशोरवयीन जोसेफला १८२० च्या सुमारास रानात दर्शन झाले, अशी पंथाची श्रद्धा आहे. या दर्शनाचे त्याने केलेले एकाहून अधिक वृत्तान्त उपलब्ध आहेत. १८३२ च्या, अंशतः स्वहस्ते लिहिलेल्या वृत्तान्तात प्रभू भेटतो आणि पापांची क्षमा करतो. १८३८-३९ च्या, पुढे पवित्र ग्रंथात समाविष्ट झालेल्या वृत्तान्तात पिता आणि पुत्र अशा दोन पृथक् व्यक्ती दिसतात आणि सगळे पंथ चुकलेले असल्याचे सांगतात. श्रद्धावंत म्हणतात की दुसऱ्यात तपशील अधिक आहे, एवढेच. संशयी म्हणतात की मधल्या काळात त्याचे ईश्वरशास्त्र बदलले आणि आठवण त्यामागून बदलली. मला हे दुसरे मत अधिक पटते, पण त्यासाठी स्मिथला लबाड ठरवण्याची गरज नाही. आत्मचरित्रे अशीच लिहिली जातात.

ग्रंथाची साक्षही याच दिशेची आहे. मार्च १८३० मध्ये पामायरा गावच्या छापखान्यातून 'बुक ऑफ मॉर्मन'च्या पाच हजार प्रती बाहेर पडल्या आणि ६ एप्रिलला चर्चची रीतसर स्थापना झाली. इसवी सनापूर्वी सहाशेच्या सुमारास जेरुसलेम सोडून अमेरिकेस पोहोचलेल्या एका इस्राएली कुटुंबाची आणि त्याच्या वंशजांची ही कथा. तिचा कळस म्हणजे पुनरुत्थित ख्रिस्ताचे अमेरिकेतील आगमन. ही कथा इतिहास नव्हे, याबद्दल पंथाबाहेरच्या विद्वानांत दुमत नाही. परंतु आपला मुद्दा वेगळा आहे. या पहिल्या आवृत्तीत ख्रिस्त पानोपानी आहे, आणि पिता व पुत्र यांच्या ऐक्यावर इतका भर आहे, की काही अभ्यासकांना त्यात त्रैक्याचा नव्हे तर उलट बाजूच्या अतिरेकाचा, पिता आणि पुत्र एकच मानण्याचा, वास येतो. मरीयेला तेथे देवाची माता म्हटले होते. १८३७ च्या दुसऱ्या आवृत्तीत ती देवाच्या पुत्राची माता झाली. पाठभेदाचा हा एक शब्द पुष्कळ काही सांगून जातो. आणखी एक : पुढे ज्या बहुपत्नीत्वामुळे हा पंथ जगभर बदनाम झाला, त्याचा कडक निषेध याच ग्रंथात आहे.

खरी उलथापालथ झाली ती इलिनॉयमधील नॉवू या गावी, १८३९ ते १८४४ या काळात. मिझुरीच्या गव्हर्नर बॉग्जने ऑक्टोबर १८३८ मध्ये मॉर्मनांना राज्यातून हाकलावे किंवा नेस्तनाबूत करावे असा हुकूम काढला होता. तीनच दिवसांनी हॉन्स मिल येथे सतरा मॉर्मन मारले गेले. (तो हुकूम औपचारिकरीत्या रद्द व्हायला १९७६ साल उजाडले.) या होरपळीतून बाहेर पडलेल्या समाजापुढे स्मिथने एकामागून एक नव्या गोष्टी मांडल्या. मृत पूर्वजांसाठी जिवंतांनी घ्यावयाचा बाप्तिस्मा, मंदिरातील गुप्त विधी, अनंतकाळासाठी लावलेली लग्ने, आणि निवडक वर्तुळात बहुपत्नीत्व. ७ एप्रिल १८४४ रोजी, विहिरीच्या कामात दगावलेल्या किंग फॉलेट या सहकाऱ्याच्या स्मरणार्थ केलेल्या प्रवचनात त्याने शेवटचे पाऊल टाकले. ईश्वर स्वतः एके काळी माणसासारखा होता, माणूस ईश्वरपदाला पोहोचू शकतो, आणि विश्व शून्यातून निर्माण झालेले नाही.

या प्रवचनाची संहिता मुळात लिहिलेली नव्हती. चार श्रोत्यांच्या टिपणांवरून ती जुळवली गेली, आणि तिला प्रमाणग्रंथाचा दर्जा कधीच मिळाला नाही. मॉर्मन ख्रिस्ती आहेत असे सांगणारे हा मुद्दा आवर्जून पुढे करतात. तो पुरता प्रामाणिक नाही. ईश्वराला हाडामांसाचे शरीर आहे हे वचन आणि पती-पत्नी देवत्वाला पोहोचतात हे वचन ही दोन्ही १८४३ ची, आणि १८७६ पासून ती प्रमाणग्रंथात आहेत.

नायसियाच्या इ.स. ३२५ च्या परिषदेआधीचे ख्रिस्ती तरी कुठे त्रैक्यवादी होते, असा एक बचाव नेहमी केला जातो. त्यात तथ्य आहे. दुसऱ्या शतकातला जस्टिन मार्टर पुत्राला पित्याहून दुय्यम मानत होता, आणि त्याला कोणी ख्रिस्ती नाही म्हणत नाही. तथापि, निर्माता आणि निर्मित यांच्यातली रेषा जस्टिनने पुसली नव्हती. ती ज्यू धर्माकडून आलेली, नायसियाहून कितीतरी जुनी रेषा होती. नॉवूचा स्मिथ नायसियाच्या मागे जातो असे नव्हे. तो त्या रेषेच्याच मागे जातो.

२७ जून १८४४ रोजी कार्थेजच्या तुरुंगात जमावाने जोसेफ आणि त्याचा भाऊ हायरम यांना गोळ्या घातल्या. त्यानंतर अनुयायांच्या वाटा फुटल्या. ब्रिगम यंगच्या मागे गेलेले १८४७ मध्ये सॉल्ट लेकच्या खोऱ्यात पोहोचले. त्यांनी नॉवूचा सारा वारसा उचलला आणि १८५२ मध्ये बहुपत्नीत्व जाहीरपणे पुकारले. मागे राहिलेल्यांपैकी काहींनी १८६० मध्ये जोसेफच्याच मुलाला, तिसऱ्या जोसेफ स्मिथला, पुढारी केले आणि नॉवूतील बऱ्याचशा गोष्टी नाकारल्या. 'बुक ऑफ मॉर्मन' मात्र त्यांनीही ठेवले. या शाखेने १९८४ मध्ये स्त्रियांना धर्माधिकार दिले, २००१ मध्ये 'कम्युनिटी ऑफ क्राइस्ट' हे नाव घेतले, त्रैक्य मान्य केले, आणि २०१० मध्ये अमेरिकेतील चर्चेसच्या राष्ट्रीय परिषदेने तिला सभासद करून घेतले. म्हणजे जोसेफ स्मिथला संदेष्टा मानणे किंवा बायबलखेरीज आणखी एक ग्रंथ बाळगणे या गोष्टी स्वतःहून कोणाला ख्रिस्ती नावाबाहेर काढत नाहीत. अंतर १८३० मुळे पडले नाही. ते १८४४ मुळे पडले.

युटातील मॉर्मनांनाही एकोणिसाव्या शतकात या नावाची फारशी फिकीर नव्हती. बाहेरच्यांना ते 'जेंटाइल' म्हणत, स्वतःला इस्राएल. बाहेरच्यांनीही त्यांना सरळ पूर्वेकडे ढकलले. १८७९ च्या रेनॉल्ड्स खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने, बहुपत्नीत्व हे जवळजवळ केवळ आशियाई आणि आफ्रिकी लोकांचे लक्षण असल्याचे सांगितले आणि धर्माच्या नावाखाली काय चालू द्यायचे याचे उदाहरण म्हणून सतीची चाल काढली. १८९० च्या डेव्हिस विरुद्ध बीसन या निकालाच्या आरंभीच सुसंस्कृत आणि ख्रिस्ती देशांच्या कायद्यांचा हवाला आहे. ('अ स्टडी इन स्कार्लेट' या १८८७ च्या पहिल्याच होम्सकथेत मॉर्मन खलनायक का आहेत, हे या वातावरणावरून ध्यानात येईल.)

या निकालांचा प्रवास इथेच संपला नाही. हिंदूंच्या द्विभार्याप्रतिबंधाचा मुंबई प्रांताचा १९४६ चा कायदा जेव्हा मुंबई उच्च न्यायालयात आव्हानित झाला, तेव्हा १९५१ च्या नरसू अप्पा माळी निकालात मुख्य न्यायमूर्ती छागला यांनी डेव्हिस खटला आवर्जून उद्धृत केला. श्रद्धेला संरक्षण, आचाराला नाही, हा भेद त्यांनी तेथून घेतला. तीन वर्षांनी उडुपीच्या शिरूर मठाच्या खटल्यात भारताच्या सर्वोच्च न्यायालयापुढे त्याच निकालातील धर्माची व्याख्या आली. धर्म म्हणजे माणसाचे आपल्या निर्मात्याशी असलेल्या नात्याविषयीचे मत, अशी ती व्याख्या. न्यायमूर्ती मुखर्जी यांनी ती अपुरी ठरवली, कारण बौद्ध आणि जैन धर्मांत असा निर्माता नाही. मॉर्मनांना वेसण घालण्यासाठी केलेली व्याख्या अशी भारतात येऊन अडली.

१८९० मध्ये पंथाने बहुपत्नीत्व थांबवल्याचे जाहीर केले, १८९६ मध्ये युटा राज्य झाले, आणि विसाव्या शतकात काटा उलट फिरू लागला. १९८२ मध्ये 'बुक ऑफ मॉर्मन'ला येशू ख्रिस्ताचा आणखी एक करार असे उपशीर्षक जोडले गेले. १९९५ मध्ये बोधचिन्हातील येशू ख्रिस्त ही अक्षरे मोठी झाली. २०१८ मध्ये अध्यक्ष रसेल नेल्सन यांनी मॉर्मन हा शब्दच वापरू नका असे सांगितले, आणि जगप्रसिद्ध गायकवृंदाच्या नावातूनही तो गळला. मिट रॉम्नी यांच्या उमेदवारीच्या काळात, २०११ साली, टेक्सासमधील एका बॅप्टिस्ट पाळकाने या पंथाला जाहीरपणे 'कल्ट' म्हटले होते. वर्षभरात बिली ग्रॅहम यांच्या संस्थेने तोच शब्द आपल्या संकेतस्थळावरून काढून टाकला. मधल्या काळात ईश्वरशास्त्र बदलले नव्हते, निवडणूक जवळ आली होती.

इतिहासकार जॅन शिप्स यांनी १९८५ च्या आपल्या ग्रंथात एक प्रसिद्ध उपपत्ती मांडली: ख्रिस्ती धर्माचे ज्यू धर्माशी जे नाते, तेच मॉर्मन धर्माचे ख्रिस्ती धर्माशी. म्हणजे हा पंथ नव्हे, नवा धर्म. उपपत्ती देखणी आहे, आणि नॉवूला चपखल बसते. पण ख्रिस्ती लोक काळाच्या ओघात ज्यू या नावापासून दूर गेले. मॉर्मन शतकभर ख्रिस्ती या नावाकडे चालत येत आहेत. नावावरचा हक्क सांगणाऱ्याला तू वेगळ्या धर्माचा आहेस असे इतिहासकाराने सांगावे, हे मला अवघड वाटते. इतिहासाच्या दृष्टीने मी त्यांना ख्रिस्तीच म्हणेन. ख्रिस्ती परंपरेबाहेर त्यांच्या एकाही शब्दाला अर्थ नाही. चर्चेसनी त्यांना बाप्तिस्म्याचे भाऊ मानावे की नाही, हा मात्र निराळा प्रश्न आहे, आणि २००१ चा नकार मला तर्काला सोडून वाटत नाही. जागतिक चर्चपरिषदेने १९६१ साली नवी दिल्लीच्या अधिवेशनात आपल्या मूलाधारात पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा या एका देवाचा स्पष्ट उल्लेख घातला, तेव्हापासून हे दार कुठे आहे ते सर्वांना ठाऊक आहे. शिवाय मॉर्मन स्वतः कॅथलिकांचा, मेथडिस्टांचा, कोणाचाच बाप्तिस्मा मानत नाहीत. येणाऱ्या प्रत्येकाला ते नव्याने पाण्यात बुडवतात, कारण त्यांच्या मते धर्माधिकार प्रेषितांनंतर पृथ्वीवरून नाहीसा झाला होता. व्हॅटिकनने २००१ मध्ये जे केले ते स्मिथने १८३० मध्येच केले होते.

ओहायोतील कर्टलंड येथे १८३६ मध्ये, नॉवूच्या आधी, या समाजाने आपले पहिले मंदिर बांधले. फुटीनंतर ते त्रैक्य मानणाऱ्या शाखेकडे राहिले. तिथे गुप्त विधी नव्हते, पर्यटकांना आत जाता येई, उपासनाही होई. मार्च २०२४ मध्ये पैशांची निकड असलेल्या 'कम्युनिटी ऑफ क्राइस्ट'ने हे मंदिर, नॉवूतील काही वास्तू आणि जोसेफ स्मिथने केलेल्या बायबलच्या संस्करणाची हस्तलिखिते १९ कोटी २५ लाख डॉलर्सना सॉल्ट लेकच्या चर्चला विकली.