तिवसा परिसरातील कापसाची अडत आणि एकाधिकार खरेदी

तिवसा परिसरासह वऱ्हाडात शेतकऱ्याचा कापूस कमिशनवर विकून देणारे अडते आणि सरकीपासून रुई वेगळी करणारे जिनिंगवाले खुल्या बाजारावर जगत असत. परंतु 1971 च्या कायद्यान्वये 1972 पासून एकाधिकार खरेदी, म्हणजे कापूस फक्त शासनाने घेण्याची व्यवस्था, सुरू झाली आणि अडत्याचा कापूसव्यापार बेकायदा ठरला, तर जिनिंगवाला शासनाचा माल मजुरीवर काढून देणारा झाला. याला साम्यवादी छळ म्हणणे अतिशयोक्तीचेच होईल. सोव्हिएत रशियात 1918 च्या संविधानाने खासगी व्यापाऱ्यांचा मताधिकार काढला, तो 1936 च्या संविधानापर्यंत परतला नाही, आणि त्यांच्या मुलांना उच्च शिक्षणातही अडवले गेले. वऱ्हाडी अडत्याचा धंदा गेला, नागरिकत्वाचे हक्क गेले नाहीत.